जार, डाग आणि मेंढीची ग्रंथी

मोत्यांचा हंगाम लागला की बहरैनमधल्या मनामा आणि मुहर्रकचे धडधाकट पुरुष गलबतांवर चढत आणि जवळपास चार महिने समुद्रावरच राहत. मागे उरत बायका, म्हातारे, पोरं आणि नाखव्याकडून उचललेलं कर्ज. अशा दिवसांत एखादी बाई हळूहळू मंदावली, बोलेनाशी झाली, भर उन्हाळ्यात थंडी वाजते म्हणू लागली, तर घरच्यांपुढे दोन-तीनच वाटा असत. कागदावर किंवा वाडग्यात कुराणातल्या आयती लिहून घ्यायच्या आणि ती शाई पाण्यात धुऊन तिला पाजायची. त्याने उतार पडला नाही तर डाग द्यायचा. लोखंडी सळई लाल करून मानेवर, पोटावर, कपाळाच्या कडेला टेकवायची. तेही फुकट गेलं की मग जार.

जार म्हणजे एक प्रकारचं झपाटणं, आणि ते उतरवण्याचा विधीही. पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर हा विधी आखातात आला. रात्री धूप पेटे, ढोल घुमत, ‘तंबुरा’ नावाचं सहा तारांचं वाद्य छेडलं जाई आणि कमरेला शेळ्यांच्या खुरांचा पट्टा बांधलेला माणूस तालावर कंबर हलवून तो पट्टा खुळखुळवी. बाईच्या अंगात शिरलेलं जे काही असेल ते तिच्या तोंडून मागण्या करी: नवं वस्त्र हवं, चांदी हवी, बकरं हवं. घरच्यांना त्या पुरवाव्या लागत.

आपण हसण्याचं कारण नाही. अंगात येणं, अंगारा, बिब्ब्याचा डाग यांच्यासाठी कोकणातून किंवा देशावरून कुणाला बहरैनला जावं लागत नव्हतं. उलट मला तर या प्रकारात थोडं शहाणपणही दिसतं. एरवी जिचं कुणी ऐकत नाही तिला चारचौघांत गाऱ्हाणं मांडायची मुभा त्या एका रात्री मिळे. दुःख सासरचं असेल, एकटेपणाचं असेल, तर तेवढ्याने थोडं हलकंही होत असेल. पण बाई मंदावली असेल ती गळ्यातल्या एका ग्रंथीमुळे, तर कितीही ढोल बडवले तरी काय होणार?

त्या काळचं बहरैन आपल्याला वाटतं तितकं लांब नव्हतं. तिथे हिंदुस्थानी टपालखातं १८८४ पासून होतं, व्यवहारात रुपया चाले, मोत्यांचा माल मुंबईच्या बाजारात येई आणि मुंबईच्या आगबोटी आखातातल्या बंदरांना लागत. १८९२ च्या अखेरीस सॅम्युएल झ्वेमर हा अमेरिकन पाद्री बेटावर उतरला. १९०३ मध्ये मनाम्यात त्याच्या मिशनचं मेसन मेमोरियल रुग्णालय उघडलं. आजचं अमेरिकन मिशन हॉस्पिटल ते हेच. शॅरन आणि मॅरियन थॉम्स हे डॉक्टर दांपत्य तिथल्या पहिल्या डॉक्टरांपैकी. लोक डोळे, ताप, गळवं, जखमा घेऊन येत. मन उदास आहे म्हणून दवाखान्याची पायरी चढायची रीत तिथे नव्हती, आपल्याकडेही नव्हती.

गंमत अशी की लंडनमध्येही परिस्थिती फार वेगळी नव्हती. तिथल्या बायकांना डाग देत नसत इतकंच. १८७३ मध्ये सर विल्यम गल यांनी काही प्रौढ बायकांची हकीकत डॉक्टरांच्या सभेत वाचली. चेहरा सुजलेला, जीभ जड, आवाज घोगरा, हालचाल संथ, मन मंद. पाच वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी या दुखण्याला मिक्सिडिमा असं नाव दिलं. १८८८ मध्ये लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीने १०९ रुग्ण तपासून जाडजूड अहवाल काढला. त्यात थायरॉइड ग्रंथी निकामी होणं हेच याचं मूळ आहे असं म्हटलं होतं. शिवाय जवळपास निम्म्या रुग्णांना भास किंवा भ्रम होतात, हेही नोंदवलं होतं. गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी बिघडली की माणसाची बुद्धी, मनःस्थिती, स्वभाव बिघडतो हे १८८८ मध्ये छापून आलेलं आहे. हे साल ध्यानात ठेवावं, कारण पुढची साठ वर्षं डॉक्टर मंडळी ते विसरून गेली.

त्या अहवालाआधीचा सगळ्यात बोलका पुरावा मिळाला होता स्वित्झर्लंडमध्ये, आणि तोही एका चुकीतून. बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंड काढण्यात वाकबगार होते. आल्प्सच्या दऱ्यांत गलगंड घरोघरी. १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी पूर्ण काढली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण तिच्या गावच्या डॉक्टरचं म्हणणं वेगळं होतं. पूर्वी हसतीखेळती असलेली पोर आता चिडकी झाली आहे, घुमी झाली आहे, घरकामाला तिला ढकलावं लागतं. कोखर यांनी त्याकडे तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही. पुढे जिनिव्हाच्या रेव्हरदँ यांनीही असेच रुग्ण पाहिले आणि कोखर यांच्या कानावर घातले, तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावलं. ग्रंथी पूर्ण काढलेल्या ज्या १८ जणांना ते तपासू शकले, त्यांतले १६ जण खंगलेले, सुजलेले, मंद झालेले निघाले. त्या मुलीचं आणि तिच्या धाकट्या बहिणीचं एकत्र छायाचित्र उपलब्ध आहे. धाकटी उंच, रेखीव तरुणी झालेली आणि थोरली तिच्या खांद्याशी, फुगलेल्या चेहऱ्याची, लहान मुलीसारखी. १८८३ मध्ये कोखर यांनी ही हकीकत जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत सगळ्यांसमोर मांडली आणि पूर्ण ग्रंथी काढणं सोडून दिलं. १९०९ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं ते याच ग्रंथीवरच्या कामासाठी. आपल्या हातून झालेलं नुकसान इतक्या उघडपणे मोजणारा शल्यविशारद विरळा. माझ्या लेखी पारितोषिकापेक्षा ती मोजणी मोठी.

ग्रंथी नसल्याने बिघडतं, मग बाहेरून दिली तर? लिस्बनच्या दोन डॉक्टरांनी १८९० मध्ये एका बाईच्या कातडीखाली मेंढीची ग्रंथी शिवून पाहिली आणि तिला लगेच बरं वाटू लागलं. इतकं लगेच, की ग्रंथी तिथे रुजल्यामुळे हे झालं असणं शक्यच नव्हतं. तिच्यातला रस शरीरात गेला असला पाहिजे. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरी या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरने यातून सरळ निष्कर्ष काढला. शस्त्रक्रियेची भानगड नकोच, रसच टोचू. नुकत्याच कापलेल्या मेंढीची ग्रंथी आणायची, बारीक चिरायची, ग्लिसरीन आणि चिमूटभर कार्बोलिक ॲसिड घातलेल्या पाण्यात चोवीस तास भिजवायची, उकळून घेतलेल्या रुमालातून पिळायची आणि तो गुलाबीसर रस सुईने द्यायचा. कुणा ज्येष्ठाने त्याची थट्टाही केली. हे चालणार असेल, तर मग पाठीच्या कण्याचे रोगी कण्याच्या मज्जेचा रस टोचून का बरे करू नयेत?

मरीची पहिली रोगी ४६ वर्षांची बाई होती. चार-पाच वर्षांपासून ती हळूहळू मंदावत चालली होती. बोलायला, चालायला, विचार करायला वेळ लागे. थंडी सोसेना. लोकांना भेटायलाही नको वाटे. १८९१ च्या वसंतात इंजेक्शनं सुरू झाली आणि तीन महिन्यांत सूज उतरली, बोलणं झरझर होऊ लागलं, घाम येऊ लागला, मासिक पाळी परत आली. घरकाम आता जड वाटत नाही आणि रस्त्यावर अनोळखी माणसांत जायला भीती वाटत नाही, असं तिने सांगितलं. हा शेवटचा तपशील मला सगळ्यात मोलाचा वाटतो. नाडी आणि तापमान डॉक्टर मोजतोच. पण मनाला उभारी आली की नाही, हे बाईलाच सांगावं लागतं. पुढे टोचायचीही गरज उरली नाही, रस तोंडाने घेतला तरी लागू पडतो हे १८९२ मध्येच कळलं. ती बाई १९१९ मध्ये वयाच्या ७४ व्या वर्षी वारली, म्हणजे औषधावर २८ वर्षं जगली. मरीने हिशोब ठेवला होता. तेवढ्या काळात तिला ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या.

त्यानंतरचं रसायनशास्त्र भराभर पुढे गेलं. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी त्या रसातला मुख्य पदार्थ स्फटिकरूपात वेगळा काढला. तोच थायरॉक्सिन. १९२६-२७ मध्ये लंडनच्या चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडली आणि तो प्रयोगशाळेत तयार केला. शरीरात या थायरॉक्सिनपासून टी-३ बनतं, ते मेंदूतही काम करतं आणि तिथे सेरोटोनिन, नॉरॲड्रिनलिन यांच्या कारभाराशी त्याचा संबंध येतो. ते कमी पडलं की चुलीतला जाळ ओढून घेतल्यासारखं सगळंच मंद शिजू लागतं: पचन, नाडी, केसांची वाढ, आठवण, उत्साह. जास्त झालं तर उलटा प्रकार. झोप उडते, छाती धडधडते, क्षुल्लक कारणावरून राग येतो आणि घरचे म्हणतात, हल्ली हिचा पारा फार चढतो.

इतकं सगळं हाताशी असून वेड्यांच्या इस्पितळांत मात्र थायरॉइडचे रोगी पडून होते. १९३७ मध्ये ए. जे. क्रोनिन या डॉक्टर-लेखकाची ‘द सिटाडेल’ ही कादंबरी आली. हिंदीत विजय आनंद यांनी १९७१ मध्ये तिच्यावर ‘तेरे मेरे सपने’ काढला. कादंबरीतला तरुण डॉक्टर वेडा ठरवून कोंडायला निघालेल्या एका माणसाचा सुजलेला चेहरा आणि कोरडी कातडी पाहतो, थायरॉइडचं दुखणं ओळखतो आणि त्याची सुटका करतो. कादंबरीवाल्याला जे दिसलं ते वैद्यकाच्या मुख्य प्रवाहात यायला आणखी बारा वर्षं लागली. १९४९ मध्ये लंडनच्या रिचर्ड ॲशर यांनी १४ रुग्णांची हकीकत ‘मिक्सिडिमाचं वेड’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली छापली. मनोरुग्ण म्हणून आलेली ही माणसं होती. थायरॉइड दिल्यावर त्यांतले नऊ जण पूर्ण शुद्धीवर आले. ॲशर यांची भाषा खोडकर, पण आरोप गंभीर होता. हे लोक वेड्यांच्या इस्पितळात आहेत ते कुणी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं नाही म्हणून.

त्याच १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमने उन्माद शमतो हे दाखवलं. मनोविकारांवरच्या उपचारांत लिथियमने क्रांती केली आणि पुढे असं दिसलं, की हेच लिथियम काही रुग्णांची थायरॉइड मंद करतं. म्हणजे मनाचं औषध गळ्यात जाऊन बसतं आणि गळ्याचं दुखणं मनात. आजही लिथियम घेणाऱ्याची थायरॉइड ठरावीक काळाने तपासावी लागते.

इकडे बहरैनमध्ये १९३२ च्या उन्हाळ्यात जबल दुखानच्या विहिरीला तेल लागलं. मोत्यांचा धंदा तोवर जपानी संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने बुडवलाच होता. मनोरुग्णांना ठेवण्याची सरकारी सोयही बेटावर त्याच सुमाराला सुरू झाली. आखातातली ती पहिली. पण अशा जागी आणलेल्यांपैकी कुणाची ग्रंथी बिघडलेली आहे हे ओळखायचं कसं? चेहरा पाहून, नाडी पाहून, अंदाजाने. रक्तातलं संप्रेरक मोजण्याची सोय जगात कुठेच नव्हती. ती आली न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या आगेमागे किरणोत्सारी द्रव्य वापरून इन्शुलिन मोजून दाखवलं तेव्हा. त्याच पद्धतीने काही वर्षांत टीएसएच मोजता येऊ लागलं. हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला कामाला लावण्यासाठी सोडते. थायरॉइड आळसली की पीयूषिका ओरडू लागते, टीएसएच चढतं. कागदावरचा तो एक आकडा बाईच्या तक्रारीपेक्षा जास्त विश्वासार्ह मानला जाऊ लागला. वाईट वाटतं, पण त्यामुळेच कितीतरी बायकांची तक्रार पहिल्यांदा खरी ठरली.

मराठी वाचकाच्या ओळखीचा पत्ता या कथेत इथे येतो. तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांत किरणोत्सारी आयोडिन तयार होऊ लागलं आणि १९६३ मध्ये परळला अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. रुग्णाला चव नसलेलं पाणी प्यायला द्यायचं. त्यात आयोडिन-१३१ चा अगदी थोडा अंश. दुसऱ्या दिवशी गळ्यासमोर यंत्र धरून ग्रंथीने त्यातलं किती खेचून घेतलं ते मोजायचं. अशा तपासण्यांनी मुंबईत थायरॉइड हे अंदाजाचं दुखणं राहिलं नाही.

त्याच काळात हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी मिठात आयोडिन मिसळून गलगंड कमी होतो का ते पाहत होते. १९५६ पासून खोऱ्याचे तीन भाग करून हा प्रयोग चालला. आयोडिनचं मीठ मिळालेल्या भागांत गलगंड उतरला. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आलेल्या लेखावर देव आणि करमरकर ही दोन मराठी नावंही आहेत. आज आपल्या डब्यातलं आयोडिनयुक्त मीठ त्या खोऱ्यातल्या प्रयोगातून आलेलं आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असतं.

पण मिठाने सगळं मिटलं नाही. समुद्राकाठी राहणाऱ्या, मासळी खाणाऱ्या लोकांनाही थायरॉइडचं दुखणं होतंच, कारण आता मुख्य शत्रू आयोडिनची कमतरता नव्हे, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये वर्णन केलेला हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी पट जास्त. मुंबई आणि गोव्यासह भारतातल्या आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची पाहणी झाली, तिचे आकडे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळपास ११ टक्के लोकांची थायरॉइड मंद निघाली.

बाळंतपणानंतर तर ही ग्रंथी काही जणींना दगा देते. पहिले काही महिने तिच्यातलं साठलेलं संप्रेरक रक्तात जास्त उतरतं आणि मग साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात ती एकदम मंदावते. नेमक्या त्याच वेळी माहेरचं माणूस परत गेलेलं असतं, रात्रीची झोप नसते, आणि बाई रडू लागली की तिला बाळाची जबाबदारी पेलत नाही असं ठरवलं जातं. बहरैनमध्ये २३७ बाळंतिणींना प्रश्नावली देऊन केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ३७ टक्के जणींमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. गोव्याच्या जिल्हा रुग्णालयातला विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास त्याआधीचा, २००२ चा. तिथे २७० मातांपैकी २३ टक्के दीड-दोन महिन्यांनी नैराश्यात होत्या. आणि त्यांची कारणं पाहिली तर संप्रेरकांपाशी थांबता येत नाही. गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणारं घर.

म्हणून या इतिहासाचा उलटा अर्थ लावणंही चूक. सगळं दुःख गळ्यातून येत नाही. टीएसएच किंचित वाढलेल्या ७३७ वृद्धांपैकी काहींना थायरॉक्सिनची गोळी आणि काहींना खोटी गोळी देऊन केलेल्या युरोपातल्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला. थकवा किंवा मरगळ यांत काही फरक पडला नाही. गोळी खऱ्या कमतरतेवर चालते, आयुष्याच्या कंटाळ्यावर नाही. तरी दवाखान्यात दोन्हीकडे घाई दिसते. कुणाला न तपासता नैराश्याच्या गोळ्या मिळतात, कुणाला न विचारता थायरॉइडच्या.

आज मनाम्यात राहणाऱ्या मराठी घरातल्या बाईला सलमानियाच्या सरकारी रुग्णालयात किंवा कोपऱ्यावरच्या खासगी दवाखान्यात ही तपासणी एका दिवसात करता येते. तिची अडचण वेगळी आहे. नवरा कामावर, पोरं शाळेत, बाहेर ४५ अंश ऊन, आणि फोनवर आईला सांगावं तर आई म्हणणार, ‘अगं, एसीत बसून कसली दमतेस?’ तिच्या शेजारणीची अडचण रमजानची. थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी घ्यावी लागते आणि नंतर अर्धा-पाऊण तास काही खायचं नसतं, कॉफीही नाही. दिवसभराच्या उपासानंतर गोळी घेऊन खजुराकडे बघत बसणं कठीणच. म्हणून तिथले डॉक्टर गोळीची वेळ सहेरीच्या आधी किंवा इफ्तारनंतर पोट रिकामं झाल्यावर ठरवून देतात. अशा वेळी गोळी परस्पर बंद केली की काही आठवड्यांत मन पुन्हा खाली बसतं आणि बाईला वाटतं, आपणच कमकुवत.

तेव्हा विनंती एवढीच. घरातलं कुणी, बाई असो वा बाप्या, दोन-तीन महिने मंदावलेलं, थंडी वाजणारं, केस गळणारं, विसरभोळं किंवा विनाकारण रडणारं-चिडणारं दिसलं तर स्वभावाला नाव ठेवण्याआधी टीएसएच करून घ्या. बाळंतीण असेल तर नक्कीच. आकडा बिघडलेला निघाला तर डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडू नका. आकडा ठीक निघाला तर दुखणं खोटं ठरत नाही, मग मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीच्या निदान दोन दिवस आधी डॉक्टरांना विचारून थांबवा. त्या गोळ्यांमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.